मळखाऊ चादरी

माझी धाकटी नणंद दक्षिणेच्या सहलीला गेली आणि कोचीत तिला सोलापूर सापडलं.

तसं ते तिला आधी सापडायला काही हरकत नव्हती. ती सोलापुरात जन्मली, आमच्याच या घरात वाढली, शिकली. पण लग्न होऊन पुण्याला गेली आणि माहेर म्हटलं की तिला आधी ऊन आठवू लागलं, मग धूळ आणि मग नळाला कधीतरी येणारं पाणी. तिच्या लग्नात सासूबाईंनी हौसेनं चादरींचा एक गठ्ठा बांधून दिला होता. निघायच्या दिवशी तिनं तो माझ्या पलंगाखाली सरकवला आणि म्हणाली, "वहिनी, राहू देत इथंच. पुण्यात हसतील गं." त्या चादरी मी वापरल्या. माझी दोन्ही मुलं त्या पांघरून मोठी झाली आणि परगावी गेली. चादरी अजून आहेत.

तर, सहलीहून परत आल्यावर तिचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं मुलीचं लग्न मोडलं का काय.

"वहिनी, तुला माहितीये, आपलं सोलापूर हेरिटेज आहे!"

झालं होतं ते असं. कोचीत समुद्राजवळ एक भारी दुकान होतं. आत गारवा, मंद दिवे, चंदनाचा वास. तिथल्या मुलीनं अगदी हळू आवाजात तिला सांगितलं, की ही जी 'थ्रो' आहे, म्हणजे सोफ्यावर टाकायची चादर, ती दख्खनच्या पठारावरच्या एका छोट्याशा विणकर क्लस्टरमधून येते. नणंदेनं ती लगेच घेतली. हॉटेलवर येऊन कोपऱ्यातली चिठ्ठी वाचली, तर त्यावर आपलं गाव.

"आपण क्लस्टर आहोत वहिनी!"

फोन मोठ्या आवाजावर होता. आमचे हे पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "काय झालंय आपल्याला?"

"क्लस्टर," मी म्हटलं.

"औषधानं बरं होतं का?"

नणंदेला ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं तरी तिनं घेतलं नाही. तिचं बोलणं पुढं गेलं होतं. लेकीचं लग्न माघात ठरलं होतं, आणि आता पाहुण्यांना परतीची भेट म्हणून स्टीलचा डबा किंवा चांदीचा मुलामा दिलेली वाटी असलं काही द्यायचं नाही, चादर द्यायची, हे तिनं ठरवून टाकलं होतं. पण दुकानातली नाही. विणकराच्या हातून घेतलेली. "प्रत्येकाच्या घरी एका माणसाची गोष्ट गेली पाहिजे," ती म्हणाली. मला वाटलं, लग्नाला शे-दीडशे घरं तरी येणार, एवढ्या गोष्टी धुवायला टाकायच्या म्हणजे केवढं पाणी लागेल.

ती आली दिवाळीनंतर. बरोबर एक मैत्रीण होती. कपाळावर मोठं कुंकू, गळ्यात मातीच्या मण्यांची माळ, आणि अंगावर एक कॉटनची साडी, जिला इस्त्री न करणं हा तिचा मुद्दा होता. मैत्रिणीचा व्यवसाय काय, असं ह्यांनी चहा घेताना विचारलं.

"मी टेक्स्टाईल क्युरेटर आहे."

"म्हणजे कापडाचं दुकान?"

"नाही, नाही. मी कापडांच्या गोष्टी सांगते."

"बरं, बरं," हे म्हणाले. "भांडवल कमी लागत असेल."

जेवायला मी ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी केली होती. ताट पुढं येताच मैत्रीण म्हणाली, "वॉव, मिलेट!" आणि फोटो काढेपर्यंत भाकरी गार झाली. नणंद लहानपणी हीच भाकरी टाळायला पोट दुखतंय म्हणून झोपायची. आता ती मैत्रिणीला भाकरीत ग्लूटेन नसतं हे समजावून सांगत होती.

दुपारी मी दोघींना माझ्या नेहमीच्या दुकानात नेलं. या दुकानदाराकडं मी वर्षानुवर्षं चादरी, टॉवेल, पाहुण्यांना द्यायला नॅपकिन असं सगळं घेते. त्यानं गादीवर बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि धडाधड चादरी पसरायला सुरुवात केली. राणी कलरवर पोपटी मोर. जांभळ्यावर पिवळी कमळं. लाल चौकड्या, निळ्या चौकड्या. एका चादरीचं एक टोक त्यानं स्वतः धरलं, दुसरं नोकराला दिलं आणि दोघांनी अशी ओढाताण केली की वाटावं वाटणीचं भांडण चाललंय. "बघा ताई, ओढा तुमी पण. फाटली तर दुकान तुमचं."

नणंद ओढायला उठली नाही. तिचा चेहरा दुखरा झाला होता. "हे फार ब्राईट आहे हो. काही अर्दी नाही का?"

दुकानदार माझ्याकडं बघू लागला.

"मातीसारखा रंग हवाय त्यांना," मी म्हटलं.

"मातीसारखा?" तो थोडा विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. "मळखाऊ म्हणा की!"

नोकर माळ्यावर चढला आणि खाली एक गठ्ठा टाकला. धूळ उडाली. दोरी सोडली तर आत करड्या, तपकिरी, राखी अशा चादरी. ना मोर, ना कमळ, कडेला एकच काळसर पट्टी. मी त्या लगेच ओळखल्या. हा माल होस्टेलला जातो, धर्मशाळेला जातो आणि दवाखान्यात जातो. डाग दिसत नाही आणि कुणी चोरून नेत नाही, हे त्याचे दोन गुण.

नणंदेनं छातीवर हात ठेवला. "हेच!"

"किती रिस्ट्रेंट आहे यात," मैत्रीण कुजबुजली.

दुकानदारानं मान डोलावली. त्याला शब्द कळला नव्हता, पण गिऱ्हाईक कळलं होतं. माळ्यावरून गठ्ठा खाली येईपर्यंत जो भाव होता, तो त्यानं दोघींच्या तोंडाकडं बघून बदलला असणार, कारण त्यानं आधी गळा साफ केला. "हा स्पेशल माल हाय ताई. सगळ्यांना दाखवत न्हाय मी."

"हॅन्डलूम आहे ना?" मैत्रिणीनं विचारलं.

"हँडनंच काढला की आता माळ्यावरून."

दोघी हसल्या नाहीत. मैत्रिणीनं शांतपणे सांगितलं की दुकानातून घेतलं तर मधला माणूस येतो आणि मधला माणूस आला की गोष्ट बिघडते. आपल्याला थेट विणकराच्या घरी जायला हवं. हे सगळं मधल्या माणसाच्या गादीवर बसून, त्याचं पाणी पिऊन. दुकानदारानं घड्या घालता घालता मला हळूच विचारलं, "पुण्याच्या का?" मी हो म्हटलं. "तरीच," तो म्हणाला.

आमच्या शेजारच्या बाई शहराच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या. त्यांच्या माहेरी तेलुगू बोलतात, आणि घरात पिढ्यान् पिढ्या माग. त्यांच्या चुलत्यांकडं मी चौकशी केली. चुलते म्हणाले, या की, कधीही या. दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षा करून निघालो.

गल्लीत रिक्षा शिरली तेव्हा लाईट गेलेली होती. एरवी या भागात दोन माणसांना बोलायचं तर ओरडावं लागतं, इतका यंत्रमागांचा खडखडाट असतो. त्या दिवशी मात्र सगळीकडं शुकशुकाट. बाया दारात बसून चादरींच्या दशा वळत होत्या, कोपऱ्यावर कुणीतरी कांदे निवडत होतं. मैत्रिणीनं रिक्षातून उतरून डोळे मिटले. "ऐका," ती म्हणाली. आम्ही ऐकलं. काहीच नव्हतं. "हे सायलेन्स विणलेलं असतं त्या कापडात."

मी तोंड उघडणार होते. पण नणंदेचेही डोळे मिटलेले बघितले आणि म्हटलं, राहू दे.

पुढच्या खोलीत ते चुलते, म्हातारबुवा, बसले होते. अंगात बनियन, डोळ्यांवर जाड भिंगं, आणि समोर खराच हातमाग. त्यावर गणपतीचं भिंतीवर लावायचं चित्र अर्धं विणून झालेलं. सोंड झाली होती, एक कान व्हायचा होता. आम्हाला बघून ते म्हणाले, "या अम्मा, बसा, बसा," आणि लगेच धोटा फेकायला सुरुवात केली. एका बाजूनं फेकायचा, दुसऱ्या बाजूनं झेलायचा, फणी ठोकायची. खट्, खट्. छान लय होती, खोटं कशाला बोलू. नणंदेनं पदर डोळ्यांना लावला. मैत्रीण मोबाईल धरून आधी त्यांच्या हातांजवळ गेली, मग पायांजवळ, मग सुरकुत्यांजवळ.

एवढ्यात त्यांची सून चहा घेऊन आली. तिशी-पस्तिशीची, अंगावर गाऊन, वर ओढणी, केसांना क्लचर. मैत्रिणीनं चित्रण थांबवलं.

"तुम्ही जरा साडी नेसून याल का? म्हणजे फ्रेममध्ये बरं दिसेल."

सुनेनं ट्रे खाली ठेवला. "कशाला?"

"तुम्ही काम करता तेव्हा साडीच नेसत असाल ना?"

"साडी नेसून लूमवर? पदर अडकला तर मुंडी आत जाईल की माझी."

"कुठल्या लूमवर?" नणंदेनं विचारलं.

सून उत्तर द्यायला वळली आणि त्याच क्षणी लाईट आली.

वरचा पंखा फिरला, भिंतीवरच्या देवापुढं लाल दिवा लागला आणि मागच्या भिंतीपलीकडं सगळे यंत्रमाग एकदम सुरू झाले. आवाज इतका, की कपातल्या चहावर लाटा उठल्या. सून ओढणी कंबरेला खोचून आत पळाली. म्हातारबुवांनी धोटा बाजूला ठेवला, एक पाय वर घेऊन मांडी घातली आणि चहा ओढून घेतला. त्यांची शिफ्ट संपली होती.

नणंद खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. मैत्रिणीच्या हातातला मोबाईल अजून चालूच होता.

"हे कुणाचं?" नणंद ओरडून म्हणाली.

"आमचंच!" बुवाही ओरडले. अभिमानानं. "मुलानं टाकलं. वरच्या मजल्यावर अजून हायत!"

"मग हा?" तिनं हातमागाकडं बोट केलं.

"हा माझा. मी तरुण असताना ह्याच्यावर घर चालवलं. आता शो-पीस विणतो, गुडघं मोकळं राहतात."

मला वाटलं, आता ह्या दोघी उठणार. चप्पल घालणार, रिक्षात बसणार आणि परतीच्या वाटेवर मला ऐकवणार. पण मी माझ्या नणंदेला ओळखलंच नव्हतं. तिनं चहा संपवला, कप खाली ठेवला आणि खुर्ची पुढं ओढली. तिच्या नवऱ्याच्या बदल्या थांबवताना तिनं साहेब लोकांसमोर जसा आवाज लावला असेल, तसा लावला.

"मामा, मला मळखाऊ रंगात शे-दीडशे पाहिजेत. माघाच्या आत. हातमागावर."

बुवा हसले. "हातमागावर? अम्मा, तोवर नवरीच्या पोराचं बारसं होईल."

"मग इकडच्या मागावर करा." तिनं भिंतीकडं मान केली. "पण काहीतरी हातानं पाहिजे. काहीतरी हातानं होतं ना?"

बुवांनी विचार केला. "दशा हातानं वळतो. गोंडं. ते मशीनला जमत न्हाय, गल्लीतल्या बायाच करतात."

नणंद आणि मैत्रीण यांनी एकमेकींकडं पाहिलं. मी तशी नजर फक्त जावा-जावांमध्ये पाहिलेली आहे, सासूचं कपाट उघडं सापडल्यावर.

"हँड-फिनिश्ड," मैत्रीण म्हणाली.

"स्त्रियांनी," नणंद म्हणाली.

"आणि कार्डावर तुमचा फोटो छापू," मैत्रीण बुवांना म्हणाली. "आत्ताचाच. धोटा हातात असलेला."

बुवांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला. "छापा की. पण मग फोटोचं वेगळं लागेल."

त्यावर नणंदेनं अर्धा तास घासाघीस केली. विणकराला न्याय मिळाला पाहिजे असं तिचं ठाम मत होतं, पण तो तिच्या बजेटात बसायला हवा होता. मी मागच्या दारातून सुनेचं काम बघत उभी राहिले. एका लूमवरून दुसऱ्यावर ती अशी फिरत होती, जशी मी चार शेगड्यांवर स्वयंपाक करते. तुटलेला धागा बोटांनी जोडायचा, थुंकी लावायची, पुढं. तिनं माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "त्या बाईंना इस्त्री पायजे का? साडी लई चुरगाळलीय."

लग्न पुण्याबाहेरच्या एका लॉनवर होतं. चादरी आधीच गेल्या होत्या. पण मध्यंतरी मैत्रिणीच्या डोक्यातून आणखी एक कल्पना निघाली. मेंदीवाली असते, बांगड्यांवाला असतो, तर मग विणकर का नको? बुवांनी लग्नात बसून विणायचं. बुवांना विचारलं तर ते आनंदानं हो म्हणाले. जेवण आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं.

सकाळी आम्ही लॉनवर पोहोचलो, तेवढ्यात बुवा आले. मुलाच्या मोठ्या पांढऱ्या गाडीतून, टपावर लहान हातमाग बांधून. नणंद धावतच पुढं गेली आणि मुलाला म्हणाली, "गाडी जरा मागं, जनरेटरकडं लावाल का?" मग तिनं बुवांना पाहिलं. बुवांनी खास लग्नासाठी सफारी शिवून घेतला होता. निळसर, कडक इस्त्रीचा, खिशाला पेन.

"मामा, धोतर?" नणंदेचा आवाज चिरकला. "मी वहिनीबरोबर धोतर पाठवलं होतं."

"धोतर माझा आजा नेसायचा अम्मा. मला सुटतं ते."

ते खरंच होतं. मी ते त्यांच्या घरी नेऊन दिलं तेव्हा त्यांनी सुनेला ते चहाच्या गाळणीला फडकं म्हणून चालेल का विचारलं होतं. शेवटी तोडगा निघाला. मागापुढं एक जाड पडदा लावला, त्यामुळं कंबरेखालची पँट झाकली. वर सफारीवरून उपरणं गुंडाळलं, डोक्यावर फेटा बांधला. खिशातलं पेन मात्र त्यांनी काढू दिलं नाही. शेजारी सुंदर अक्षरांत एक पाटी होती: 'मौन साधना'.

"मामा, तुम्ही फक्त विणा," नणंदेनं सांगितलं. "बोलू नका. लोकांना ते जास्त भावतं."

बुवांनी मान हलवली. सून माझ्या शेजारी येऊन बसली. आज तिनं जरीची भरजरी साडी नेसली होती आणि ती नवरीच्या मावशीपेक्षा चांगली दिसत होती. "मामंजी गप्प बसणार?" ती म्हणाली. "तेवढंच बघायला आले मी."

अक्षता पडेपर्यंत ते खरंच गप्प बसले. लोक आले, थांबले, हात जोडले. एका बाईंनी त्यांच्या पायाजवळ नोट ठेवली, ती त्यांनी पेनाच्या खिशात घातली. विणताना मध्येच त्यांची मान खाली गेली, ओठ बारीक हलू लागले आणि थोडा वेळ त्यांना आजूबाजूचं लग्न दिसत नव्हतं हे मला लांबूनही कळलं. मग बँड वाजला आणि ते परत भानावर आले.

जेवणाआधी भेटींचं वाटप सुरू झालं. ज्यूटची दोरी, वाळलेलं पान, आणि एक कार्ड. कार्डावर बुवांचा फोटो आणि खाली मजकूर: जिथं यंत्राचा आवाज पोहोचत नाही अशा एका वस्तीत, एका वृद्धाच्या हातांनी, वगैरे. मी ते दोनदा वाचलं. ह्यांनी एकदाच वाचलं आणि पाणी प्यायला गेले.

नवऱ्या मुलाची आत्या पहिल्या रांगेत बसली होती. सत्तरी पार, ताठ कण्याची, आयुष्यभर मोठ्या दवाखान्यात मुख्य परिचारिका म्हणून काम केलेली. तिनं दोरी सोडली, चादर उलगडली, बोटांत धरून चोळली आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगंबाई! ही तर आमच्या वॉर्डातली!"

मागच्या रांगांतले लोक माना उंचावून बघू लागले.

"अशा हजारो अंथरल्यात मी," आत्या खूश होऊन सांगू लागली. "मेली फाटत नाही. काहीही सांडू दे, डाग म्हणून दिसत नाही. एकदा एका पेशंटनं तर..." पुढचं तिनं सविस्तर सांगितलं. समोरच्या ओळीतल्या बाईंनी मांडीवरची चादर हळूच खुर्चीखाली ठेवली.

नवऱ्या मुलाचे मामा जवळच उभे होते. त्यांचा स्वतःचा दवाखाना होता आणि दुसरा बांधायला घेतला होता. ते थेट मागाकडं गेले. "आजोबा, ही किती धुण्यांना टिकते?"

बुवांनी एकदा पाटीकडं बघितलं. एकदा नणंदेकडं बघितलं. मग धोटा खाली ठेवला आणि त्यांचं मौन सुटलं. ताण्याचा नंबर, बाण्याचा नंबर, रंग पक्का कसा, उशीचा अभ्रा त्याच कापडात कसा पडतो, वाहतूक कुणाची. उपरण्याखालून हात घालून त्यांनी सफारीच्या खिशातून कार्ड काढलं. 'होस्टेल, हॉस्पिटल, हॉटेल सप्लायर्स', मागच्या बाजूला यंत्रमागांचा रंगीत फोटो. आणखी दोन-तीन पाहुणे जमा झाले. बुवांनी त्यांनाही कार्डं दिली. चांगला गठ्ठाच आणला होता.

सून तोंडाला पदर लावून हसत होती. मीही हसले.

नंतर मी नवरीच्या खोलीत टॉवेल शोधायला गेले तर नणंद तिथं एकटी बसली होती. काजळ गालावर आलेलं.

"वहिनी, तू सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"की ही दवाखान्याची चादर आहे. तुला माहीत होतं."

"माहीत होतं," मी म्हटलं. "तू इतकी खूश होतीस. आणि मी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, वहिनीला काय कळतंय."

ते खरं होतं हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी तिच्या शेजारी बसले. लेकीच्या लग्नाचा दिवस, सकाळपासून पोटात अन्न नाही, नाकात नथ टोचत होती. ती एकदम दमलेली दिसली, आणि थोडी सासूबाईंसारखी. मला वाटलं तिला जवळ घ्यावं. तेवढ्यात तिनं माझ्या हातातला टॉवेल घेतला, काजळ पुसलं, आरशात नथ सरळ केली आणि उभी राहिली.

पंगतीत मी बघितलं तर ती विहिणीला वाढता वाढता सांगत होती, "आमची कल्पनाच ती होती. ह्या चादरी पुढं रुग्णसेवेत जाव्यात. कलेतून सेवा." मैत्रीण मागून मान डोलावत होती. दवाखानेवाले मामा जिलेबी खाताना म्हणाले, खरंच फार वेगळा विचार आहे. दवाखान्याची ऑर्डर त्यांनी तिथंच पक्की केली. संध्याकाळपर्यंत माझी नणंद एका विणकराचं नशीब उघडणारी बाई झाली होती, आणि बुवांनीही ते नाकारलं नाही. उलट निघताना तिला वाकून नमस्कार केला. "तुमच्यामुळं झालं सगळं अम्मा." ती पुन्हा रडली. या वेळी फोटो काढायला मैत्रीण होती.

आमची परतीची तिकिटं वेटिंगवरच राहिली, म्हणून आम्ही बुवांच्याच गाडीतून निघालो. ऊन उतरलं होतं. टपावर माग, पुढं मुलगा आणि हे, मधल्या सीटवर बुवा, सून आणि मी. सुनेनं लग्नातल्या जेवणाचा हिशेब घेतला: जिलेबी चांगली, मसालेभात फिका, चटणी नव्हतीच. टेंभुर्णीजवळ चहाला थांबलो. बुवांनी फेटा काढून मांडीवर ठेवला होता, डोकं खाजवत होते.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"न्हाय. टाचणी राहिलीय कुठंतरी."

मी टाचणी काढून दिली. त्यांनी सफारीच्या खिशातून ते लग्नातलं कार्ड बाहेर काढलं, स्वतःचा फोटो असलेलं. लांब धरलं, जवळ धरलं. मराठी त्यांना बोलता येतं, पण वाचायला वेळ लागतो. अक्षरांखाली बोट फिरवत त्यांनी सगळं वाचलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

"छान लिहिलंय," ते म्हणाले. "नणंदबाई गोष्ट चांगली सांगतात. माझीच गोष्ट, पण मला म्हाईत नव्हती."

सून चहाच्या कपात हसली. ह्यांनी पैसे द्यायला पाकीट काढलं, तोवर बुवांच्या मुलानं दिले होते. गाडी सुरू झाली. थोडं पुढं गेल्यावर बुवांचा फोन वाजला, त्यांनी नंबर बघितला आणि आम्हाला हातानं गप्प राहायला सांगितलं. दवाखानेवाले मामा होते. बुवा घसा साफ करून सावरून बसले. "बोला साहेब," ते म्हणाले, "कुठला कलर पायजे?"